जागल्याच्या भाकरीचा प्रश्न

महाराष्ट्राच्या खेड्यात पूर्वी जागल्या असे. गाव निजले की त्याने जागे राहावे, वेशीतून कोण आले, कोण गेले ते पाहावे, संशय आला तर हाळी देऊन गाव उठवावे, हे त्याचे काम. ती व्यवस्था जातीच्या अन्यायावर उभी होती. जागल्याने ते काम निवडलेले नव्हते, त्याच्या पदरात पडणारे बलुते मानाचे नव्हते आणि वतनाचे ते जोखड कायद्याने गेले याचे दुःख करण्याचे कुणालाही कारण नाही. पण त्या विषम व्यवस्थेलाही एक साधी गोष्ट कळत होती. जो सर्वांसाठी जागतो त्याच्या पोटाची तरतूद, कशी का होईना, गावाला करावी लागते.

इंग्रजीतील 'व्हिसलब्लोअर' या शब्दाला मराठी वृत्तपत्रांनी 'जागल्या' हा प्रतिशब्द दिला. शब्द उचलला, पण त्याच्या पोटाची जबाबदारी मात्र कोणीच उचलली नाही. कचेरीत, कारखान्यात, बँकेत किंवा बांधकामाच्या जागेवर चाललेली लबाडी पाहून जो नोकरदार हाळी देतो, त्याच्या हाती आज कारणे दाखवा नोटीस पडते. मग बदली, मग निलंबन, मग खातेनिहाय चौकशी आणि शेवटी घरी बसणे. काहींच्या बाबतीत गोष्ट याहून पुढे, थेट स्मशानापर्यंत गेली आहे. सहकारी त्याला चुगलखोर म्हणतात, वरिष्ठ घरभेदी म्हणतात आणि 'खाल्ल्या मिठाला जागावे' असा उपदेश त्याला दोन्हीकडून ऐकावा लागतो. तेव्हा पहिला प्रश्न असा की, हे मीठ कुणाचे? सार्वजनिक बँकेतला कारकून ठेवीदाराचे मीठ खातो. रस्ते बांधणाऱ्या प्राधिकरणाचा अभियंता करदात्याचे मीठ खातो. औषधाच्या कारखान्यातला रसायनशास्त्रज्ञ ते औषध विकत घेणाऱ्या रोग्याच्या पैशावर जगतो. खाल्ल्या मिठाला जागायचेच असेल तर त्याने बोलले पाहिजे. त्याने गप्प बसावे असे जे सांगतात, ते मीठ आपल्याच घरचे आहे असे धरून चालतात.

नाव फुटले आणि माणूस गेला

या देशात हा प्रश्न सर्वांच्या नजरेसमोर आला तो सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याच्या मृत्यूने. बिहारमधील सिवान जिल्ह्यातून आलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला होते. सुवर्ण चतुष्कोन योजनेतील महामार्गाच्या कामात ठेकेदार आपली कामे परस्पर लहान ठेकेदारांना देतात, कागदपत्रे बनावट असतात आणि काम निकृष्ट होते, असे त्यांना दिसले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले. पत्रावर सही केली नाही. मात्र तक्रार खरी आहे याची खात्री पटावी म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. दिल्लीच्या कचेऱ्यांतून ते पत्र त्यांच्या नावानिशी फिरत राहिले आणि ज्या प्राधिकरणाविरुद्ध तक्रार होती त्याच प्राधिकरणापर्यंत जाऊन पोहोचले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३० वर्षे.

हा खून लुटीच्या हेतूने झाला असे तपास यंत्रणेने न्यायालयात मांडले आणि २०१० साली तिघांना शिक्षा झाली. अनेकांना तो निष्कर्ष पटला नाही. पण खुनाचे कारण काहीही धरले तरी सरकारचा अपराध कमी होत नाही. एका नोकरदाराने देशाच्या सर्वोच्च कचेरीवर विश्वास टाकला आणि त्या कचेरीला त्याचे नावही सांभाळता आले नाही, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करावे लागणार नाही इतके उघड आहे.

दोन वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी षण्मुगम मंजुनाथ यांचा गोळ्या घालून खून झाला. भेसळीच्या इंधनाबद्दल त्यांनी पेट्रोल पंपांवर कारवाई केली होती. या प्रकरणात पंपमालकाच्या मुलासह आरोपींना शिक्षा झाल्या आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनाच्या काळ्या बाजारावर हात टाकायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. अपर जिल्हाधिकाऱ्याच्या हाती सरकारची सत्ता असते, मागे पोलीस असतात. अशा माणसाची ही गत होत असेल तर ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर काम करणाऱ्याने काय ओळखावे?

कायदा पुस्तकात, अंमल दूर

दुबे यांच्या मृत्यूपूर्वीच, डिसेंबर २००१ मध्ये, न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या १७९ व्या अहवालात अशा माणसांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार करून सरकारच्या हाती दिला होता. तो अहवाल तसाच पडून राहिला. दुबे यांच्या खुनानंतर लोकक्षोभ उसळला, सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली, तेव्हा कुठे एप्रिल २००४ मध्ये सरकारने एक ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी घेण्याचे काम सोपवले. तो ठराव केंद्र सरकारच्या कचेऱ्या आणि महामंडळांपुरताच होता. राज्य सरकारे त्याच्या बाहेर, खासगी क्षेत्रही बाहेर.

कायद्याचे विधेयक यायला २०१० साल उजाडले. लोकसभेने ते डिसेंबर २०११ मध्ये, राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केले आणि ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा निर्दोष नाही. त्यात निनावी तक्रारीला जागा नाही. 'छळ' म्हणजे काय याची व्याख्या नाही आणि छळ करणाऱ्याला वेगळी शिक्षाही नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला मात्र दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तरीही त्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तक्रारदारावर झालेली कारवाई हा छळ नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर नसून संबंधित सरकारी संस्थेवर आहे. नोकरदाराच्या दृष्टीने ही दुसरी तरतूद फार महत्त्वाची आहे. छळ नेहमीच नियमाच्या भाषेत होतो. बदलीच्या हुकुमावर 'प्रशासकीय कारणास्तव' असे छापलेले असते आणि त्यामागचा सूड सिद्ध करण्याचे कागद मालकाच्याच कपाटात कुलूपबंद असतात.

पण कायदा अंमलात येण्यासाठी सरकारने तारीख जाहीर करावी लागते. संमतीला दहा वर्षे उलटून गेली, तरी ती तारीख जाहीर झालेली नाही. उलट २०१५ साली कायदा दुबळा करणारे दुरुस्ती विधेयक आणले गेले. दहा प्रकारची माहिती तक्रारीच्या कक्षेतून काढून टाकावी आणि शासकीय गुपिते कायद्यापासून तक्रारदाराला दिलेले संरक्षणही काढून घ्यावे, असा त्याचा आशय होता. लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेत ते अडले आणि २०१९ साली लोकसभेची मुदत संपताच रद्दबातल झाले. मूळ कायदा मात्र तसाच राहिला. ज्या काँग्रेस आघाडीच्या कारकीर्दीत तो मंजूर झाला तिने त्यासाठी दहा वर्षे घेतली, आणि नंतर आलेल्या भारतीय जनता पक्षाच्या सरकारने तो लागू केला नाही. झारीतले शुक्राचार्य सत्ता बदलली तरी बदलत नाहीत, हा धडा यातून घ्यायचा आहे.

बँकेच्या काउंटरमागे

हा कायदा उद्या अंमलात आला तरी तो लोकसेवकांच्या भ्रष्टाचारापुरताच राहील. देशातील बहुसंख्य नोकरदार जिथे काम करतात त्या खासगी आणि सहकारी क्षेत्राला तो स्पर्श करीत नाही. त्याचा परिणाम काय होतो हे मुंबईकरांनी सप्टेंबर २०१९ मध्ये पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि ठेवीदाराला सहा महिन्यांत आपल्या खात्यातून एक हजार रुपयेच काढता येतील असे जाहीर केले. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. पण त्या पहिल्या दिवसांत बंद शाखांसमोर उभे राहिलेले निवृत्त कामगार, टॅक्सीवाले, लहान दुकानदार आणि गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस ज्यांनी पाहिले, ते हे दृश्य विसरणार नाहीत.

एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली सुमारे ६,५०० कोटींची कर्जे, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जांचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग, पुस्तकांतून लपवण्यात आला होता. पोलिसांत नोंदवलेल्या फिर्यादीनुसार त्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली गेली. आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, एकवीस हजार खाती कोणी एक संचालक रात्री बसून लिहीत नाही. त्यामागे नोंदी करणारे हात असतात, तक्ते तयार करणारे टेबल असते, संगणकावर आकडे भरणारी माणसे असतात. त्यांतल्या काहींना तरी संशय आला असणारच. बँकेतल्याच काही कर्मचाऱ्यांनी अखेर रिझर्व्ह बँकेपर्यंत माहिती पोहोचवली, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्या कर्मचाऱ्यांचे समाजावर ऋण आहे. पण ही हाळी कित्येक वर्षे आधी का आली नाही? आधी आली असती तर खड्डा लहान राहिला असता. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका लघु वित्त बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांहून अधिक रक्कम असलेल्या ठेवीदारांना आपल्या पैशासाठी दहा वर्षांपर्यंत थांबावे लागेल अशी योजना आली. त्या ठेवीदारांपैकी जे सत्तरीत आहेत त्यांनी या योजनेचा अर्थ काय लावायचा?

हाळी उशिरा येण्याचे कारण कर्मचाऱ्यांच्या भित्रेपणात शोधणे सोपे आहे, पण ते खरे कारण नव्हे. आपल्या मोठ्या साहेबाविरुद्ध कुठे जायचे आणि गेल्यावर आपली नोकरी टिकेल का, या दोन प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. २००७ साली रिझर्व्ह बँकेने अशा तक्रारींसाठी योजना काढली ती खासगी आणि परदेशी बँकांसाठी. सहकारी बँकांचा तिच्या नावातही उल्लेख नव्हता. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १७७ व्या कलमाने दक्षता यंत्रणा सक्तीची केली ती शेअर बाजारात नोंदलेल्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँकांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना. तिथेही तक्रार कंपनीच्याच समितीकडे करायची. चोर कोतवालाला बोलावून घेणार आणि त्याचा पगारही ठरवणार, असा हा प्रकार आहे. सहकारी संस्था, पतपेढ्या, शिक्षणसंस्था, विश्वस्त निधीवर चालणारी रुग्णालये, ठेकेदार आणि त्यांचे पोटठेकेदार यांच्यासाठी तर एवढीही खिडकी नाही.

'कामगार' कोण?

कामगार कायदा तरी या माणसाच्या मदतीला येतो काय? महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा करून देशाला वाट दाखवली. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा ठरली. पुढे केंद्राच्या कायद्यातही तशी यादी आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. त्या यादीत मालकाविरुद्ध आरोप दाखल करणाऱ्या किंवा साक्ष देणाऱ्या कामगाराला शिक्षा करू नये असे म्हटले आहे. पण त्याला एक शेपूट जोडलेले आहे: हा आरोप, ही साक्ष औद्योगिक विवादासंबंधी असली पाहिजे. म्हणजे कामगार आपल्या वेतनासाठी बोलला तर त्याला थोडेबहुत कवच आहे. ग्राहकाची, ठेवीदाराची, रोग्याची किंवा सरकारी तिजोरीची फसवणूक त्याने उघड केली तर हे कवच नाही. स्वतःपुरते बोलणाऱ्याला कायदा ओळखतो. समाजासाठी बोलणाऱ्याला ओळखत नाही.

दुसरी अडचण व्याख्येची. व्यवस्थापकीय काम करणारे कामगाराच्या व्याख्येबाहेर आहेत आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षकही बाहेर आहेत. आर्थिक लबाडी दिसते ती बहुधा यांनाच. हिशेबनीस, अंतर्गत तपासनीस, गुणवत्ता तपासणारा अधिकारी, साठ्याची नोंद ठेवणारा पर्यवेक्षक यांच्या टेबलावरूनच खोटा कागद जातो. ज्याला दिसते त्याला संरक्षण नाही आणि ज्याला थोडे संरक्षण आहे त्याच्यापर्यंत तो कागद येतच नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. नव्या संहितेने मुदतबंद नोकरीला राजमान्यता दिली. मुदत संपून नोकरी गेली तर ती कपात मानली जात नाही. अशा माणसाने ठेकेदाराच्या खोट्या हजेरीपटाबद्दल तोंड उघडले तर मालकाला त्याला काढण्याचीही गरज उरत नाही. मुदत संपली की नवे पत्र द्यायचे नाही, एवढे पुरे. सूड घेतल्याचा पुरावा राहत नाही, कारण कागदोपत्री काही घडलेलेच नसते. वेतनातून भविष्यनिर्वाह निधी कापायचा आणि भरायचा नाही, खात्यात पूर्ण पगार टाकून अर्धा रोख परत घ्यायचा, नसलेल्या मजुरांच्या नावे हजेरी मांडायची, या लबाड्या ठेकेदारी पद्धतीत सर्रास चालतात आणि शेकडो डोळ्यांसमोर चालतात. त्या डोळ्यांच्या मालकांना बोलता येत नाही. अस्थिर नोकरी हीच मुळी शांतता विकत घेण्याची पद्धत आहे. म्हणून नोकरीच्या शाश्वतीचा लढा आणि भ्रष्टाचाराविरुद्धचा लढा हे दोन वेगळे लढे मानणे चूक आहे.

परक्याच्या दारी न्याय

याच देशातील एका माणसाला संरक्षण मिळाले, पण ते परदेशात. रॅनबॅक्सी या औषध कंपनीत अधिकारी असलेले दिनेश ठाकूर यांना आपल्या कंपनीतील औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बनावट असल्याचे आढळले. २००५ साली त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाला कळवले. आठ वर्षे चौकशी चालली. मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ठाकूर यांना त्यातून कायद्यानुसार ४ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक हिस्सा मिळाला. ज्या कायद्याने हे घडले तो अमेरिकेत १८६३ साली, यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना आवरण्यासाठी झाला होता. कंपनी भारतीय, अधिकारी भारतीय आणि तिची औषधे भारतातील रोगीही घेत होते. पण भारतीय रोग्याच्या नावाने ही तक्रार झाली असती तर ठाकूर यांच्या मागे उभे राहील असे एकही कलम आपल्या कायद्यात नव्हते.

अमेरिकेचा हा मार्ग बक्षिसाचा आहे. भारतातही शेअर बाजारातील अंतःस्थ व्यवहारांची माहिती देणाऱ्यास 'सेबी'ने २०१९ पासून बक्षीस ठेवले आहे. गुंतवणूकदाराच्या पैशाला राखणदार हवा हे राज्यकर्त्यांना चटकन कळले, यात नवल नाही. पण बक्षीस हा लॉटरीचा न्याय आहे. मोठ्या दंडाची मोठी प्रकरणे त्यात येतात; पतपेढीतला कारकून किंवा साखर कारखान्यातला काटेवाला त्यात येत नाही. त्याला बक्षीस नको, त्याला पुढच्या महिन्याचा पगार हवा.

या दृष्टीने इंग्लंडचा १९९८ चा कायदा अधिक विचार करण्याजोगा आहे. १९९१ साली 'बीसीसीआय' ही आंतरराष्ट्रीय बँक प्रचंड लबाडीमुळे बंद पडली, तेव्हा तिथल्या चौकशीत असे दिसले की बँकेतील दहशतीमुळे कुणी तोंड उघडायला धजत नव्हते. अशा अनुभवांतून झालेल्या कायद्याने ठेकेदारामार्फत आलेल्या माणसालाही संरक्षण दिले आणि त्यासाठी नोकरीची किमान मुदत ठेवली नाही. लबाडी उघड केल्याबद्दल बडतर्फ झालेला माणूस सात दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे गेला आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य दिसले, तर अंतिम निकालापर्यंत त्याचे वेतन चालू ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो. प्रत्यक्षात असे हुकूम थोडेच होतात हे खरे. पण तत्त्व अचूक आहे. न्याय मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे.

दोन आक्षेप

यावर मालकवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे. असे कायदे झाले तर कामचुकार आणि असंतुष्ट माणसे खोट्या तक्रारी करून शिस्त मोडतील. खोट्या तक्रारी होणारच नाहीत असे कोणी म्हणत नाही. पण संरक्षण द्यायचे ते प्रामाणिक समजुतीने केलेल्या तक्रारीला. हेतुपुरस्सर रचलेल्या बनावाला नव्हे. आणि तक्रार खरी की खोटी हे चौकशीत ठरते. चौकशीआधीच तक्रारदाराला घरी बसवणाऱ्या मालकाला सत्य शोधायचे नसते, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप कामगारांमधून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. लबाडी बाहेर आली आणि बँक बुडाली, कारखाना बंद पडला, तर चूल आमचीच विझेल. ही भीती खोटी नाही. गुन्हा संचालकांचा आणि शिक्षा कामगारांना, असे या देशात अनेकदा घडले आहे. म्हणूनच लबाडी उघड झालेल्या उद्योगात कामगारांच्या थकीत देण्यांना प्राधान्य आणि नोकऱ्यांना हमी मिळाली पाहिजे, ही मागणीही याच मागणीला जोडून केली पाहिजे. पण लबाडी झाकल्याने कारखाना वाचतो, हा समज मात्र सोडावा लागेल. वाळवी लागलेल्या घरात वाशावर रंग देऊन कोणी सुखाने झोपत नाही. झाकलेला खड्डा दरवर्षी वाढतो आणि अखेर तो फुटतो तेव्हा ठेवीदारही बुडतो आणि कामगारही.

संघटनेचे काम

आता चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. वेतनवाढीसाठी, बोनससाठी, बडतर्फ साथीसाठी कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या आहेत. पण कंपनीच्या हिशेबातील लबाडी सांगणारा हिशेबनीस दारात आला, तेव्हा 'तो व्यवस्थापनाचा माणूस' म्हणून त्याला किती ठिकाणी परत पाठवले गेले? सहकारी संस्था आपल्या माणसांच्या ताब्यात आहे म्हणून तिच्यातील गैरव्यवहाराकडे किती कार्यकर्त्यांनी डोळेझाक केली? सहकाराच्या नावाने उभ्या राहिलेल्या पतपेढ्या बुडाल्या, तेव्हा बुडालेला पैसा गरिबांचा होता. जो पक्ष सामाजिक मालकीची भाषा करतो त्याने सामाजिक मालकीच्या पैशाचा जागल्या प्रथम सांभाळला पाहिजे.

त्यासाठी परदेशाकडे बघण्याचीही फारशी गरज नाही. औद्योगिक विवाद प्रलंबित असताना त्याच्याशी संबंधित कामगाराच्या सेवाशर्ती मालकाने परस्पर बदलू नयेत आणि संघटनेच्या काही पदाधिकाऱ्यांना 'संरक्षित कामगार' मानून परवानगीवाचून त्यांना शिक्षा करू नये, ही तत्त्वे या देशाच्या कामगार कायद्यात जुनी आहेत. निलंबित कामगाराला चौकशी चालू असताना निर्वाह भत्ता द्यावा लागतो, हेही जुनेच आहे. संघटनेचा पदाधिकारी सर्वांच्या वतीने बोलतो म्हणून त्याला हे कवच मिळाले. लबाडी उघड करणाराही सर्वांच्या वतीनेच बोलतो. तेच कवच त्याला मिळाले पाहिजे, मग तो कायम असो, मुदतबंद असो, ठेकेदाराचा असो वा अधिकारी असो. तक्रार नोंदल्यापासून निकाल लागेपर्यंत त्याची बदली, बडतर्फी किंवा मुदत संपल्याच्या नावाखाली नोकरीचा शेवट परवानगीवाचून होऊ नये आणि कारवाई सूडाची नाही हे मालकाने सिद्ध करावे. ही मागणी खासगी आणि सहकारी क्षेत्रासह सर्वांसाठी असली पाहिजे. त्याबरोबरच २०१४ चा कायदा आहे तसा, कोणतीही काटछाट न करता, अंमलात आणण्याची तारीख सरकारकडून वदवून घेतली पाहिजे.

एक मागणी मात्र विशेष आग्रहाने मांडावी लागेल. तक्रार करण्याचा अधिकार संघटनेला असावा आणि संघटनेच्या लेटरहेडवरील तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. पत्राखाली संघटनेचा शिक्का असला की आतल्या माणसाचे नाव दिल्लीत फिरत नाही. अर्थात उत्तराची सक्ती नसेल तर संघटनेचा आवाजही वाऱ्यावर जातो. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातील कामगार संघटनेने १९८२ साली भिंतीवर पत्रके लावून धोक्याचा इशारा दिला होता. त्या इशाऱ्याला उत्तर देणे कुणावर बंधनकारक नव्हते. उत्तर आले ते २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री.

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक शाखेने एवढे तरी ठरवावे की, आपल्या तालुक्यात लबाडी उघड केल्यामुळे घरी बसलेला एकही माणूस एकटा राहणार नाही. त्याच्या चौकशीला संघटनेचा प्रतिनिधी हजर राहील, त्याच्या खटल्याला वकील मिळेल आणि त्याच्या घरच्या रेशनची चौकशी कार्यकर्ता जाऊन करील. सत्येंद्र दुबे यांच्या नावाने सभा घेणे सोपे आहे. आज ज्याने पत्र लिहिले आहे आणि ज्याचा पगार उद्या थांबणार आहे, त्याच्या दारी जाणे अवघड आहे. जागल्याने हाळी दिली की उठून बाहेर येणे हे गावाचे काम असते. गाव उठत नाही असे दिसले, तर जागल्याही एक दिवस झोपू लागेल आणि मग राखण चोरांच्याच हाती राहील.